बैल, झोपा आणि शटर
(शेडला गिलावा आधी की शटर आधी?)



'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचे काट्याकुट्यांचे, तुराट्यांचे दार. ते वेळेवर केले नाही की बैल जातो, आणि मग केलेल्या झोप्याचा काही उपयोग नसतो. आता गोठ्याच्या जागी शेड आली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि झोप्याच्या जागी लोखंडी शटर आले. चूक मात्र आजकाल उलट्या अंगाने होऊ लागली आहे. भिंतीला गिलावा नाही, खाली कोबा नाही, बैल तर अजून बाजारातच आहे, आणि आपण झोपा लावून मोकळे होतो!

ऊस बिल हातात आले की पुष्कळ सभासद ट्रॅक्टरसाठी, खतासाठी, ठिबकच्या सामानासाठी शेड बांधायला काढतात. हे चांगलेच आहे. परंतु उन्हाळा संपत येतो, पैसे संपत येतात, पाऊस तोंडावर येतो आणि मग एकच प्रश्न उभा राहतो : शटर आधी बसवायचे की गिलावा आधी करायचा? गवंडी एक सांगतो, शटरवाला दुसरे सांगतो, शेजारी तिसरेच सांगतो. म्हणून या अंकात हा विषय मुळापासून समजावून घ्यावा असे आम्ही ठरविले. त्याला आणखी एक कारण आहे. हा घोळ आम्ही स्वतः आमच्या घरी केलेला आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे.

आमच्या घरची गोष्ट

२०१३ सालचा मे महिना. वीस बाय तीसची शेड, पुढच्या बाजूला दहा बाय दहाचे तोंड. वीटकाम झालेले, वर पत्रा पडलेला. खरिपाचे खत घेऊन ठेवायचे होते. मिस्त्री म्हणाले, "अहो अण्णा, पाऊस तोंडावर आलाय. आधी शटर मारून घ्या. गिलावा काय, मागनं हुतंय की!" आमच्या थोरल्या बंधूंनाही ते पटले. कुलूप लागले म्हणजे माल सुरक्षित, एवढाच हिशेब. उघड्या विटांवर शटर बसले. मग आतून-बाहेरून गिलावा सुरू झाला.

गिलावा चालला तेव्हा शटर वर गुंडाळून ठेवलेले होते. थापीने मारलेला माल त्या गुंडाळीवर पडत राहिला. बाजूच्या पन्हळींच्या कडा गिलाव्यात दबल्या. लिंटेलवर, गुंडाळीच्या मागे, थापी जाईना. तिथल्या विटा तशाच उघड्या राहिल्या. शेवटी खाली चार इंच कोबा झाला, तेव्हा पन्हळींचे पाय कोब्यात गेले आणि कुलपाचे कोयंडे जमिनीला टेकले. सगळ्यांनी पाहिले, पण कोणी बोलले नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला. एका रात्री शटर ओढायला गेलो तर ते जमिनीपासून दोन फुटांवर अडकले. वर जाईना, खाली येईना. रात्रभर पाणी आत आले. खालच्या थरातली युरियाची पोती भिजली. युरिया हवेतला ओलावासुद्धा शोषून घेतो. भिजल्यावर त्याचे ढेकूळ व्हायला वेळ लागत नाही.

पोत्यांचे नुकसान भरून निघाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र थोरले बंधू पान्हा घेऊन शिडीवर चढले. शटर सैल करावे म्हणून त्यांनी वरच्या पाईपचा क्लॅम्प ढिला केला. त्या पाईपात स्प्रिंगचा पीळ साठलेला असतो हे त्यांना ठाऊक नव्हते, खाली उभे असलेल्या आम्हालाही नव्हते. क्लॅम्प सुटताच पाईप गरकन फिरला, पान्हा हातातून उडाला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. हाड जुळले. पण आजही भरलेली बादली उचलताना ते डावा हात पुढे करतात. वहिनी अजून आम्हाला म्हणतात, "भावजी, तुम्ही मासिकात एवढं लिहिता, तेवढं आधी शटरचं वाचलं असतं तर!" म्हणून हे लिहिणे.

शटर म्हणजे काय काय?

शटर ही एकच वस्तू आहे असे आपण समजतो. गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात त्यात चार भाग असतात.

पहिला भाग म्हणजे दोन्ही बाजूंच्या उभ्या पन्हळी. त्यांना कारागीर गाईड म्हणतात. शटर या पन्हळींतून वर-खाली सरकते.

दुसरा भाग म्हणजे वरच्या दोन कोपऱ्यांतल्या जाड पत्र्याच्या प्लेटा, म्हणजे ब्रॅकेट. सगळे वजन यांच्यावर असते.

तिसरा भाग म्हणजे या दोन प्लेटांमध्ये आडवा बसवलेला पाईप आणि त्यावरच्या स्प्रिंगा. शटर खाली ओढले की स्प्रिंगांना पीळ पडतो. वर ढकलताना तोच पीळ आपल्याला मदत करतो.

चौथा भाग म्हणजे पडदा. एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, तळाची जाड पट्टी आणि कुलपाचे कोयंडे.

वजनाचा अंदाज घ्या. वीस गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो. एवढ्या जाडीच्या सपाट पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरते. दहा बाय दहा फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटरांहून थोडे जास्त. नुसता सपाट पत्राच ६५ किलोंचा झाला. पट्ट्यांना दिलेली वळणे, तळपट्टी वगैरे धरून वजन त्याच्या बरेच वर जाते. एवढा भार रोज दोन-चार वेळा वर-खाली व्हायचा आहे. तो कशाला धरून राहणार? गिलाव्याला नव्हे. गिलावा हे भिंतीचे अंगरखे आहे, हाड नव्हे. भार हाडावरच द्यावा लागतो.

आधी बसवले तर काय होते?

पहिली गोष्ट, सिमेंटचे शिंतोडे. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी, म्हणजे चुन्यासारखे दाहक असते. ते जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला आणि अ‍ॅल्युमिनियमला खाते, त्यावर कायमचे डाग पाडते. साध्या लोखंडी पत्र्यावर रंग चढलेला असेल तर तो फुगतो. आणि वाळू-सिमेंटची धूळ स्प्रिंगवरच्या ग्रीसमध्ये मिसळली की त्याचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. तो फिरता भाग घासून काढतो.

दुसरी गोष्ट, पन्हळीचे तोंड. पट्ट्यांची टोके पन्हळीत पुरेशी आत असली तरच जोराच्या वाऱ्यात पडदा जागेवर राहतो. गवंड्याने गिलाव्याची कड सरळ करण्याच्या नादात पन्हळीचे तोंड बुजवले तर शटर अडकते. मग कोणी छिन्नीने कड उडवतो, पन्हळ वाकते, आणि वळवाच्या वाऱ्यात पट्टी बाहेर येते.

तिसरी गोष्ट, गुंडाळीमागची भिंत. एकदा शटर बसले की तिथे थापी पोचत नाही. लिंटेलवरचा तो पट्टा कायमचा उघडा राहतो. तिथून ओल येते, तिथेच उंदीर आणि पाली घर करतात.

चौथी गोष्ट, जमिनीची पातळी. कोबा व्हायच्या आधी बसवलेल्या शटरला आपली जमीन कुठे आहे हेच माहीत नसते.

मागाहून बसवले तर?

मग कोणी म्हणेल, सगळा गिलावा करून, रंग देऊन, शेवटी शटर बसवावे. त्यातही खोट आहे. पक्का झालेला गिलावा फोडून पन्हळींसाठी खाचा मारल्या की आजूबाजूचा गिलावा हादरतो, पोकळ होतो. बोटाने वाजवून पाहा, डबडब आवाज येतो. नंतर भरलेला माल जुन्याशी एकजीव होत नाही आणि भेगेची रेघ कायम दिसते. शिवाय ब्रॅकेट जागेवर वेल्डिंगने जोडायचे झाले तर ठिणग्यांनी नवा रंग जळतो. शेडमध्ये डिझेल, गंधक, पाचट असेल तर ठिणगीचे काय होते ते सांगायला नको.

सर्वांत वाईट म्हणजे बोल्टची पकड. बाहेरचा गिलावा दोन हातांत मिळून साधारण २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच जाड असतो. आतला १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. तीन इंचांचा बोल्ट मारला तर त्यातला पाऊण इंच गिलाव्यातच गेला. खरी पकड उरली सव्वादोन इंचांची. आणि त्यामागे पोकळ सांधा किंवा कच्ची वीट लागली तर तीही नाही. बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण वर्षभराच्या हादऱ्यांनी ढिला होतो.

मग उत्तर काय?

उत्तर असे की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. शटर आधी की गिलावा आधी, असे नसते. शटरचा काही भाग गिलाव्याआधी आणि उरलेला गिलाव्यानंतर, असा क्रम असतो. हाडाला धरायचे ते आधी, फिरणारे ते शेवटी. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता हाडाला धरायचे म्हणजे काय, हे पन्हळ कशी बसवायची यावर ठरते. दोन पद्धती आहेत.

एक, पन्हळ दाराच्या बाजूंच्या जाडीत खाचेत बसवणे. या पद्धतीत पन्हळी गिलाव्याआधीच उभ्या करतात. पन्हळीला मागून लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, जोडलेले असतात. ते भिंतीत भोक ठेवून सिमेंट काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्के करतात. एका पन्हळीला निदान तीन होल्डफास्ट हवेत आणि दोहोंतले अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त नको. ओळंब्यात उभी करून, काँक्रीट पक्के होऊ देऊन, मग गिलावा पन्हळीच्या कडेपर्यंत आणून थांबवायचा. तोंडावर चढू द्यायचा नाही.

दोन, पन्हळ भिंतीच्या आतल्या तोंडावर बसवणे. शेडसाठी बहुधा हीच पद्धत असते, कारण गुंडाळी आत राहते आणि पावसापासून वाचते. या पद्धतीत उलटे करायचे. दाराच्या दोन्ही बाजूंचा फूटभर पट्टा आणि लिंटेलवरचा दीड-दोन फुटांचा पट्टा एवढाच गिलावा सर्वांत आधी करून घ्यायचा. तो सपाट आणि ओळंब्यात हवा, कारण पन्हळ त्याच्यावर टेकणार आहे. मात्र बोल्ट गिलाव्यातून पार जाऊन काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे. त्यासाठी वीटकाम चालू असतानाच दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे खांब किंवा ठरावीक अंतरावर ठोकळे घालून ठेवावेत. ही सोय बांधकामातच होते, मागून होत नाही.

दोन्ही पद्धतींत पाईप, स्प्रिंगा आणि पडदा मात्र सगळा गिलावा, कोबा आणि भिंतीचा निदान पहिला हात झाल्यावरच चढवायचा.

माप कधी द्यायचे?

शटरवाल्याला माप द्यायची घाई आपण फार करतो. विटांच्या तोंडाचे माप दहा फूट भरले. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच गिलावा झाला की उरले नऊ फूट साडेदहा इंच. खाचेत बसणारे शटर दहा फुटांच्या मापाने करून आणले तर ते बसणार कसे? मग पट्ट्या कापतात, टोकाच्या क्लिपा निघतात, आणि नव्या शटरचे आयुष्य पहिल्याच दिवशी निम्मे होते. म्हणून पहिले माप अंदाजपत्रकासाठी आणि दुसरे माप पक्क्या कडा झाल्यावर, असे दोनदा माप घ्यायला लावावे. दुसऱ्या मापाशिवाय पत्रा कापू देऊ नये.

आणखी काही मापे लिहून ठेवा.

पट्टीची जाडी : दाराची रुंदी साडेतीन मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा फुटांपर्यंत असेल तर ०.९ मिलिमीटर, म्हणजे वीस गेज चालते. त्याहून रुंद असेल तर सव्वा मिलिमीटर, म्हणजे अठरा गेज घ्यावे.

पन्हळीची खोली : साडेतीन मीटरपर्यंत ६५ मिलिमीटर, त्यापुढे ७५ मिलिमीटर.

हाताने ढकलायचे की साखळीने : ८ ते ९ चौरस मीटरपर्यंत साधे शटर हाताने उचलते. त्याच्या वर, १२ चौरस मीटरपर्यंत, बॉल बेअरिंग घालून घ्यावे. त्याहून मोठ्याला साखळीचे गिअर लागते. दहा बाय दहाचे दार सव्वानऊ चौरस मीटरांचे, म्हणजे बरोबर सीमेवर येते. तिथे बेअरिंगचे पैसे वाचवू नयेत. घरातल्या माउलीलाही ते उचलता आले पाहिजे.

डोक्यावरची जागा : गुंडाळीला लिंटेलच्या वर सव्वा ते दीड फूट मोकळी जागा लागते. पत्र्याची कैची किंवा पर्लिन तिथे येते का ते आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी ही जागाच नसते. मग गुंडाळी दाराच्या तोंडात येते आणि ट्रॅक्टरचे छत्र तिला घासते.

कामाचा क्रम

आमच्या मते शेडच्या तोंडाचे काम पुढील क्रमाने करावे :

१. पाया भरतानाच दाराची रुंदी, उंची आणि शटर आत की खाचेत, हे ठरवून मिस्त्रींना कागदावर लिहून द्यावे.

२. वीटकामात काँक्रीटचे खांब किंवा ठोकळे घालावेत. लिंटेलवर ब्रॅकेटच्या जागीही काँक्रीट असावे.

३. पाणी भरलेल्या नळीने पातळी काढून, पक्का कोबा कुठे येणार त्याची खूण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर करावी. पन्हळीचा पाय या खुणेवर यायचा आहे, आजच्या मातीवर नव्हे.

४. विजेच्या नळ्या गिलाव्याआधी भिंतीत घालून घ्याव्यात. ब्रॅकेटच्या आणि पन्हळीच्या जागेतून नळी नेऊ नये. ड्रिल मारताना तार फुटते.

५. खाचेतले शटर असेल तर पन्हळी होल्डफास्टसह उभ्या कराव्यात. तोंडावरचे असेल तर दाराभोवतीचा पट्टा गिलावून घ्यावा.

६. बाकीचा गिलावा करावा. उभ्या केलेल्या पन्हळींत चिंध्या किंवा पोत्याचे तुकडे कोंबून वर प्लॅस्टिक गुंडाळावे. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे.

७. कोबा करावा. दाराच्या बाहेरच्या बाजूस उतार ठेवावा आणि शटर टेकते तिथून बाहेरची जमीन अर्धा इंच खाली ठेवावी. म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही.

८. भिंतीला रंगाचा पहिला हात द्यावा. पडद्याच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साईड आधीच लावून आणायला सांगावे. गुंडाळी झाल्यावर आतली बाजू रंगवता येत नाही.

९. आता ब्रॅकेट, पाईप, स्प्रिंगा आणि पडदा चढवावा. वेल्डिंगचे काम असेल तर शेड रिकामी असताना करावे, जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवावी.

१०. कोयंडे आणि कुलूप सर्वांत शेवटी, पक्क्या जमिनीवर पडदा टेकवून बसवावेत.

पैशाचाही क्रम असाच ठेवावा. शटरवाल्याला सगळी रक्कम आगाऊ देऊ नये आणि गवंड्याचा हिशेब कोबा होण्याआधी पुरता करू नये. दोघांनाही एकमेकांच्या कामासाठी थांबावे लागते, हे ठरवतानाच तोंडावर सांगावे. दोघांना एकदा एकत्र दारापाशी उभे करावे. आपल्या निम्म्या अडचणी ते एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून होतात.

पण पाऊस आला तर?

इथे सभासद म्हणतील, "हे सगळं कागदावर बरं आहे. मृग लागला, खत येऊन पडलं, शेड उघडी. मग काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. आमचीही घाई याचसाठी होती.

याचे उत्तर आपल्या जुन्या म्हणीतच आहे. झोपा करा! बांबूची किंवा बल्ल्यांची चौकट बांधून त्यावर जुने पत्रे ठोकायचे, दोन फळ्या आडव्या मारायच्या, आतून साखळी आणि कुलूप लावायचे. शेडमधले जुने सामान वापरून एका दिवसात हे दार उभे राहते. चोराला ते पुरते अडवणार नाही, पण शटर अडकून दोन फूट उघडे राहिले तर तेही अडवत नाही. पाऊस आणि जनावर अडले म्हणजे झाले. गिलावा सावकाश होऊ द्या. काम संपल्यावर तेच पत्रे गोठ्याला उपयोगी पडतात.

आणखी एक लक्षात घ्यावे. नव्या गिलाव्यातून पाणी बाहेर पडत असते. पाणी मारणे थांबल्यावरही भिंत वाळायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. अशा शेडला शटर लावून घट्ट बंद केले की आतली ओल आतच राहते. बाहेर पाऊस नसतानाही युरिया पाणी धरतो, सिमेंटची पोती दगड होतात. म्हणून नव्या शेडमध्ये पोती भिंतीपासून फूटभर लांब आणि फळ्यांवर ठेवावीत, आणि उघडीप मिळेल तेव्हा दार उघडे ठेवावे.

दुसरीकडेही हाच पेच

हा पेच फक्त आपल्याकडचा आहे असे नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तिथली लाकडी सांगाड्याची घरे माहीत असतील. घरालाच लागून मोटारीची खोली असते. तिथे सिमेंटचा गिलावा नसतो. जिप्समचे तयार तक्ते सांगाड्यावर ठोकतात आणि सांध्यांत लुकण भरून घासतात. थंडीत ते लुकण वाळावे, घर बंदिस्त व्हावे, म्हणून तिथल्याही बांधकामवाल्याला मोठे दार लवकर बसवण्याची घाई असते. पण त्या दाराचे रूळ वर छताला टांगलेले आणि स्प्रिंग दाराच्या माथ्यावर बसवलेली असते. दार आधी बसले तर त्यांच्यामागे तक्ता सरकवता येत नाही आणि घासकामाची पांढरी धूळ चाकांत जाते. घर आणि मोटारीची खोली यांच्यामधल्या भिंतीला आगीपासून बचाव म्हणून निदान अर्धा इंच जाडीचा तक्ता लावण्याची तिथल्या नियमावलीत अट आहे. तो तक्ता सलग हवा, मध्ये फटी नकोत. म्हणून शहाणे कारागीर आधी तक्ते लावतात, स्प्रिंगच्या जागी लाकूड मोकळे ठेवतात आणि दार त्यानंतर चढवतात. म्हणजे तिथेही तेच : हाड मोकळे ठेवा, अंगरखा चढवा, फिरणारे शेवटी.

स्प्रिंगला हात लावू नका

शेवटी, ज्यासाठी हे लिहायला घेतले ती गोष्ट. पडदा खाली असो वा वर, बसवलेल्या शटरच्या पाईपात पीळ असतोच. कारागीर पाईपला पान्ह्याने पीळ देतो आणि क्लॅम्प आवळून तो पीळ अडवून धरतो. तो क्लॅम्प म्हणजे दाबलेल्या नागाच्या फण्यावरचा पाय आहे. माहीत नसलेल्या माणसाने तो सोडवायचा नाही. गवंड्याने नाही, ड्रायव्हरने नाही, मालकाने तर मुळीच नाही.

शटर नीट आहे का हे पाहण्याची साधी रीत अशी : ते कमरेइतके उचलून सावकाश हात सैल करावा. जागच्या जागी राहिले तर पीळ बरोबर. धाडकन खाली आले तर पीळ कमी, आपोआप वर पळाले तर जास्त. दोन्ही वेळी कारागिराला बोलवावे. शटर अडकले तर पहारीने उचकटू नये. मुलांना खालून पळू देऊ नये. दरवर्षी पावसाळा संपला की पन्हळी कोरड्या फडक्याने साफ कराव्यात, ब्रॅकेटचे बोल्ट हलतात का ते डोळ्यांनी पाहावे, आणि बेअरिंगला तेल कारागिराकडूनच घालून घ्यावे.

आमची शेड पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा नीट केली. शटर उतरवले, कडा नव्याने केल्या, पन्हळी वर घेतल्या. एकदाच्या कामाला दोनदा पैसे गेले. ते आम्ही विसरलो. बंधूंचे मनगट मात्र रोज समोर असते. या हंगामात जे सभासद शेड बांधणार आहेत त्यांनी हा अंक मिस्त्रींच्या हातात द्यावा, आणि दार बसवण्याआधी एकदा स्वतः उभे राहून पाहावे की हाड कुठे आहे. घाईला आवर घालणारा झोपा तेवढा आधी लावावा.